आयर्लंडच्या लोकसमजुती: हवामान, नशीब आणि मृत्यू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या समजुतींबद्दल बोलणं निघालं की गाडी लगेच 'हे खरं असतं का?' यावर येते. तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तराने फारसं काही हाती लागत नाही. ती समजूत पाळणाऱ्यांना तिने काय दिलं आणि कुणाचं काय हिरावून घेतलं, हे विचारलं तर बरंच काही कळतं. खालची उत्तरं त्या अंगाने लिहिली आहेत.

या समजुती आज आपल्याला कळतात त्या कशाच्या आधारावर?

मुख्यतः शाळकरी मुलांच्या वह्यांच्या आधारावर. १९३५ साली आयर्लंड सरकारने लोकसाहित्य गोळा करण्यासाठी एक आयोग नेमला. शेमस ओ डुइलार्गा त्याचे संचालक होते. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना काम दिलं: घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि सांगतील ते लिहून आणा. पावसाची चिन्हं, भुताखेतांच्या जागा, घरगुती औषधं, दुष्काळाच्या आठवणी. त्यातून सुमारे ७,४०,००० पानं जमली. ती आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहेत आणि बराचसा भाग इंटरनेटवर फुकट वाचता येतो. २०१७ साली युनेस्कोने या संपूर्ण लोकसाहित्य संग्रहाची नोंद 'जागतिक स्मृती' यादीत केली.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शाळांचा संग्रह तेव्हाच्या स्वतंत्र आयर्लंडमधल्या २६ काउंटींचा, म्हणजे जिल्ह्यांचा आहे, उत्तरेकडच्या सहा त्यात नाहीत. शिवाय मुलं गुरुजींना दाखवायला लिहीत होती, त्यामुळे जे गुरुजींपुढे बोलता येत नाही ते फारसं सापडत नाही. तरीही अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या अक्षरात, गावाच्या आणि सांगणाऱ्याच्या नावासकट उतरलेली आजीची गोष्ट वाचणं हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याही ग्रंथात मिळालेला नाही.

पावसाबद्दल एवढी चिन्हं का?

कारण तिथे पावसाळा असा वेगळा ऋतू नाही. मुंबईत आयर्लंडच्या बहुतेक भागापेक्षा जास्त पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. आयर्लंडच्या पूर्व भागात वर्षातले साधारण १५० दिवस आणि पश्चिम किनाऱ्यावर २२५ दिवसांपर्यंत पाऊस असतो, तोही थोडा-थोडा आणि केव्हाही. गवत कापून वाळत घातलं आणि वेळेत गंजी रचली नाही तर हिवाळ्यात गुरांना चारा नाही. पीट म्हणजे दलदलीतून कापून काढलेली जळणाची माती. ती वाळली नाही तर चूल थंड. म्हणून शेतकऱ्याला जून-जुलैमध्ये एकच गोष्ट हवी असायची, पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज. देशाची स्वतःची हवामान सेवा १९३६ साली सुरू झाली. त्याआधी आभाळ, जनावरं आणि चूल यांच्याकडेच पाहायचं.

त्यातली कुठली चिन्हं खरी ठरतात?

चंद्राला खळं पडलं की पाऊस, ही समजूत आयर्लंडमध्ये आहे आणि आपल्याकडेही आहे. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमधून प्रकाश वळला की खळं दिसतं, आणि असे ढग अनेकदा येणाऱ्या पावसाळी पट्ट्याच्या पुढे धावतात. त्यामुळे या चिन्हात तथ्य आहे. दूरचे डोंगर अचानक जवळ, ठसठशीत दिसू लागले की पाऊस येणार, असं पश्चिमेकडे आजही म्हातारी माणसं सांगतात. समुद्रपक्षी आत जमिनीवर आले की किनाऱ्यावर वादळ, हेही निरीक्षणातून आलेलं. धुराड्यातून काजळी गळू लागली की पाऊस, कारण दमट हवेत काजळी ओल धरते आणि जड होते.

मांजर चुलीकडे पाठ करून बसलं की वादळ होणार, ही समजूत जवळपास प्रत्येक काउंटीच्या वह्यांत आहे. तिला मला काही आधार दिसत नाही. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून मांजरावर नजर ठेवायची, यात संध्याकाळ बरी जात असणार.

संत स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर ४० दिवस पडतो?

नाही. १५ जुलैची ही समजूत इंग्लंडमधून आलेली आहे आणि ब्रिटनच्या हवामान खात्याच्या नोंदींत त्या दिवसापासून सलग ४० ओले किंवा सलग ४० कोरडे दिवस एकदाही सापडलेले नाहीत. जुलैच्या मध्याला हवेचा जो ढंग बसतो तो काही आठवडे टिकू शकतो, एवढाच त्यातला अर्थ.

आयर्लंडच्या मातीतल्या म्हणता येतील अशा दोन समजुती याहून फार सुंदर आहेत. १ फेब्रुवारीला संत ब्रिगिड म्हणते, 'माझ्या दिवसापासून पुढे एक दिवसाआड उघाड.' थंडीने पिचलेल्या माणसाला अर्धा वाटा देणारी ही संत. त्या रात्री कापडाचा तुकडा बाहेर ठेवतात. ब्रिगिड जाता जाता त्याला हात लावते आणि मग वर्षभर डोकेदुखीला, अडलेल्या गाईला ते कापड उपयोगी पडतं. लव्हाळ्याचे क्रूस विणून दाराच्या वर लावतात. २०२३ पासून या सणानिमित्त देशभर सरकारी सुट्टी असते.

दुसरी गोष्ट चितकबऱ्या गाईची. मार्च संपला तसं ती म्हातारी गाय फुशारली, की मार्चला काही मला मारता आलं नाही. मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि त्या तीन दिवसांच्या गारठ्यात गाईचा जीव घेतला. एप्रिलच्या सुरुवातीच्या थंड दिवसांना अजून त्या गाईचेच दिवस म्हणतात. गवत उगवायच्या तोंडावर, चारा संपत आलेला असताना गुरं खरोखरच दगावायची. हिवाळा सरला असं घाईने म्हणू नये, हे त्या गोष्टीने मुलांनाही कळत असे.

'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणजे काय?

६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर आलेलं चक्रीवादळ. दोन-तीनशे माणसं मेली, गवताची छपरं उडाली, चुलीतल्या निखाऱ्यांनी घरंच्या घरं पेटली. ती एपिफनीची, म्हणजे नाताळच्या बारा दिवसांच्या शेवटाची रात्र. कुणाला वाटलं जगाचा अंत आला, तर कुणी म्हणालं, परीलोकाने त्या रात्री आयर्लंड सोडलं.

या रात्रीचा पुढे एक विलक्षण उपयोग झाला. १९०९ च्या जानेवारीत सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. पण आयर्लंडमध्ये जन्माची सरसकट सरकारी नोंद १८६४ पासूनची. मग म्हाताऱ्यांकडे वयाचा पुरावा कुठला? 'मोठा वारा आठवतो का?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आठवत असेल तर वय सत्तरच्या वर.

एकटा मॅगपाय दिसला तर लोक नमस्कार का करतात?

मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी. एक दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद. म्हणून एकटा दिसला की त्याला अदबीने रामराम करायचा, बायको कशी आहे विचारायचं. म्हणजे जोडी पूर्ण झाली असं धरायचं. डब्लिनच्या ऑफिसात काम करणारे सुशिक्षित लोकही गाडीतून हात हलवतात. मात्र हा पक्षी आयर्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेक्सफर्डकडून आला. त्यामुळे 'हजारो वर्षांची केल्टिक परंपरा' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुधा-लोण्याच्या इतक्या समजुती कशा?

लोण्याच्या पैशातून जमीनदाराचा खंड भरला जायचा. लोणी आलं नाही तर घर जायचं. हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

१ मे हा गुरं हिरव्या चराईवर सोडण्याचा काळ. त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ काहीही बाहेर द्यायचं नाही. दिलं तर वर्षभराचं 'नशीब' त्याबरोबर जातं. पहाटे दुसऱ्याच्या शेतातलं दव कुणी गोळा करताना दिसलं तर ती जादूने लोणी चोरायला आली असं समजायचं. लोणी घुसळत असताना कुणी घरात आलं तर त्याने 'देव या कामाचं भलं करो' म्हणून रवी हातात घ्यायची आणि चार हात मारल्याशिवाय जायचं नाही. मला ही सगळ्यात शहाणी समजूत वाटते. दमलेल्या बाईला मदत मिळायची आणि पाहुण्यावर संशयही राहायचा नाही.

लोणी न येण्याची कारणं साधी असत. साय फार गार किंवा फार कोमट असायची, नाहीतर भांडं नीट धुतलेलं नसायचं. पण दोष जायचा शेजारणीवर. गाईचं दूध पिणाऱ्या सशाला गोळी लागते आणि दुसऱ्या दिवशी गावातली एकटी म्हातारी पाय बांधून पडलेली दिसते, म्हणजे ससा तीच होती, ही गोष्ट देशभर सांगितली जायची. त्या गोष्टीतली म्हातारी बहुतेक वेळा विधवा आणि गरीब असते. ती कथा ऐकताना मजा वाटते, पण ती कुणाबद्दल सांगितली जात होती हे विसरता येत नाही.

आणि हो, आपल्यासारखी दृष्ट तिथेही लागते. वासराचं किंवा बाळाचं कौतुक केलं की लगेच 'देवाची कृपा राहो' म्हणायचं. न म्हणणारा माणूस संशयास्पद.

कोळी लोकांच्या समजुती काय आहेत?

होडीकडे जाताना लाल केसांची बाई आडवी आली तर परत फिरायचं. होडीत डुक्कर, कोल्हा, पाद्री यांचं नाव काढायचं नाही. समुद्राला जे हवं ते तो घेणारच, म्हणून पोहायला शिकायचंही नाही, असं मानणारे पश्चिम किनाऱ्यावर होते. ही समजूत माझ्या मनाला सर्वांत जास्त लागते, कारण तिच्यामागे अनेक बुडालेली माणसं आहेत.

'अॅरन बेटांच्या स्वेटरवरची वीण घराण्याप्रमाणे वेगळी असते, त्यावरून बुडालेल्याची ओळख पटायची' हे पर्यटकांना सांगितलं जातं, पण त्याला ऐतिहासिक आधार नाही. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या एका नाटकात बुडालेल्या भावाची ओळख मोज्याच्या टाक्यांवरून पटते. तिथूनच ही कल्पना फोफावली असं मानलं जातं.

बॅन्शी माणसाला मारते का?

नाही, आणि इथे सिनेमांनी तिच्यावर अन्याय केला आहे. लोकांच्या सांगण्यात बॅन्शी ही मृत्यूची वर्दी देणारी परीलोकातली बाई, ती कुणाला मारत नाही. ती जुन्या गेलिक घराण्यांशी, म्हणजे ज्यांच्या आडनावात 'ओ' किंवा 'मॅक' आहे त्यांच्याशी, बांधलेली असते. घरातलं कुणी जाणार असलं की ती रात्री रडते. बहुतेकांना ती ऐकू येते, दिसत नाही. दिसलीच तर लांब केस विंचरणारी बाई. म्हणून रस्त्यात पडलेला कंगवा उचलायचा नाही. उचललाच तर ती मागायला येते, आणि मग चिमट्यात धरून खिडकीबाहेर द्यायचा. आत ओढून घेतला तेव्हा चिमटा वाकलेला असतो.

गव्हाणी घुबडाची किंकाळी आणि मादी कोल्ह्याचं ओरडणं ज्यांनी रात्री ऐकलं आहे त्यांना आवाजाचं मूळ शोधायला लांब जावं लागणार नाही. पण आवाज समजला तरी बॅन्शी पुरती समजत नाही. परदेशी गेलेल्या मुलाच्या मृत्यूची वर्दी पत्राआधी तिच्या रडण्याने गावी पोहोचली, अशा कितीतरी गोष्टी आहेत. जिथे मुलं अमेरिकेला जात आणि पुन्हा दिसत नसत, तिथे आपल्या घराण्यासाठी कुणीतरी रडतं आहे हा आधार होता.

मृतासाठी रडणाऱ्या बायका खरंच असत का?

असत. त्यांना गावात मान होता आणि मोबदला म्हणून दारू, जेवण, पैसे मिळत. प्रेताजवळ बसून त्या मृताचं कूळ, रूप, औदार्य गात आणि मधूनमधून सगळ्यांनी मिळून आक्रोश करायचा. कॅथलिक चर्चने याला पिढ्यान्पिढ्या विरोध केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत जवळपास संपली. तिचं सर्वांत मोठं स्मारक म्हणजे आयलीन डुव नी खोनल हिने नवऱ्यासाठी रचलेला विलाप. तिचा नवरा आर्ट ओ लीरी याला ४ मे १७७३ रोजी काउंटी कॉर्कमध्ये गोळी घालण्यात आली. तिचे शब्द तोंडोतोंडी टिकले आणि नंतर लिहून घेतले गेले.

'वेक'मध्ये काय काय करत?

वेक म्हणजे घरी प्रेताजवळ केलेलं जागरण. मृत्यूनंतर दफनापर्यंत प्रेताला एकटं ठेवायचं नाही, हा मूळ नियम. खिडकी उघडायची, आत्म्याला जाता यावं म्हणून. थोड्या वेळाने बंद करायची, तो परतू नये म्हणून. घड्याळ मृत्यूच्या वेळेवर थांबवायचं, आरसे झाकायचे. प्रेत धुऊन, नीट ठेवून होईपर्यंत मोठ्याने रडायचं नाही, नाहीतर वाटेवर टपलेले सैतानाचे कुत्रे जागे होतात. दाराशी मातीच्या चिलमी, तंबाखू, तपकीर. येणाऱ्या प्रत्येकाने ओढायची आणि मृतासाठी प्रार्थना म्हणायची. शवपेटी बाहेर नेली की ती ज्या खुर्च्यांवर ठेवली होती त्या उलट्या करायच्या. दफनभूमीकडे लांबच्या वाटेने जायचं.

म्हातारं माणूस भरल्या वयात गेलं असेल तर रात्रभर खेळ, कोडी, चेष्टा चालत. सतराव्या शतकापासून बिशप त्यावर बंदी घालत आले, आणि लोक ते करतच राहिले. मूल किंवा तरुण माणूस गेलं असेल त्या घरात मात्र खेळ होत नसत.

'शिशाच्या पेल्यातल्या विषाने माणूस बेशुद्ध व्हायचा, तो उठतो का पाहायला वेक' ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट निराधार आहे.

२०२० मध्ये कोविडमुळे वेक बंद झाले. तेव्हा गावोगावी लोक आपापल्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहिले आणि शववाहिका त्यांच्यामधून गेली.

या समजुतींनी कुणाचा जीव घेतला का?

घेतला. ब्रिजेट क्लिअरी ही काउंटी टिपररीतल्या बालीवॅडली गावची शिवणकाम करणारी तरुण बाई. मार्च १८९५ मध्ये ती आजारी पडली. ही आपली ब्रिजेट नाही, पऱ्यांनी तिला नेऊन तिच्या जागी दुसरंच काहीतरी ठेवलं आहे, असं नवरा मायकेलने ठरवलं. नातेवाईकांच्या देखत तिला धरून कडू काढे पाजले गेले, 'तू कोण?' म्हणून विचारलं गेलं आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. नंतर तो जवळच्या, पऱ्यांची मानल्या जाणाऱ्या जुन्या गढीपाशी रात्री वाट पाहत राहिला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल. २२ मार्चला तिचं प्रेत सापडलं. मायकेलला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची सक्तमजुरी झाली. मदत करणाऱ्यांत तिचे स्वतःचे वडीलही होते.

ब्रिजेट स्वतः कमावणारी होती, तिच्याकडे शिलाई मशीन होतं, कपडे झोकदार असत आणि मूल नव्हतं. बदलून टाकलेल्या माणसाची समजूत अशाच व्यक्तीवर लावणं सोपं जातं: जी वेगळी आहे, जी आजारी आहे, जे मूल वाढत नाही. पऱ्यांच्या गोष्टी मलाही आवडतात, पण हे प्रकरण वगळून त्या सांगू नयेत.

'भुकेलं गवत' काय असतं?

दिसायला साध्या गवतासारखंच. त्यावर पाय पडला तर माणसाला एकाएकी प्राणांतिक भूक लागते आणि लगेच काही पोटात गेलं नाही तर तो तिथेच कोसळतो. म्हणून वाटेला निघताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. कुठे म्हणतात ते प्रेत जमिनीवर टेकवलेल्या जागी उगवतं, कुठे म्हणतात दुष्काळात माणूस पडला त्या जागी. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, अनेकजण रस्त्याच्या कडेला.

एकट्या हॉथॉर्नला आणि गोल गढ्यांना लोक हात का लावत नाहीत?

शेताच्या मधोमध उभं असलेलं एकटं काटेरी हॉथॉर्न पऱ्यांचं, आणि मातीचे गोल बांध असलेल्या जुन्या वस्त्या पऱ्यांच्या गढ्या. १९९९ मध्ये काउंटी क्लेअरमधल्या लाटून इथे नव्या रस्त्यात असंच एक झाड येत होतं. कथाकार एडी लेनिहान यांनी जाहीर विरोध केला, की केरीच्या पऱ्या कॉनाक्टच्या पऱ्यांशी लढायला जाताना इथे जमतात. झाड राखून रस्ता झाला. २००२ मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

देशात आज हजारो गढ्या शिल्लक आहेत. ट्रॅक्टर, जेसीबी आले तरी शेतकऱ्यांनी त्यांना वळसा घातला. पुरातत्त्व खात्याच्या पाटीहून या भीतीने त्या जास्त वाचवल्या असं मी म्हणेन.

आणि एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत जागा मिळत नसे. बाप किंवा काका रात्री ते बाळ घेऊन अशाच गढ्यांत, शिवेवर, किनाऱ्यालगत पुरत. ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. 'तिथे खणू नका' या ताकिदीमागे काही ठिकाणी पऱ्या होत्या, काही ठिकाणी घरातलंच मूल होतं.

मी आयर्लंडमध्ये राहतो. सहकाऱ्याचे वडील गेले, वेकला जावं का?

जावं. आमंत्रणाची वाट पाहू नका, फक्त सूचनेत 'घर खाजगी' असं लिहिलेलं नाही ना ते बघा. मृत्यूच्या सूचना इंटरनेटवर येतात आणि स्थानिक रेडिओवर वाचल्या जातात. दफन बहुधा दोन-तीन दिवसांत उरकतं, म्हणून वेळ काढू नका. घरच्यांशी रांगेने हात मिळवायचा आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढं म्हणायचं, तेच सगळे म्हणतात. शवपेटी उघडी असेल. क्षणभर थांबलात तरी पुरे, हात लावायलाच हवा असं नाही. मग चहा आणि सँडविच येईल. आपल्याकडे मयताच्या घरी पाणीही न घेण्याची सवय असलेल्यांना अवघड वाटतं, पण तिथे तो कप घ्यावा. हसणं-बोलणं ऐकू आलं तर दचकू नका. मृताची एखादी आठवण तुमच्याकडे असेल तर सांगा, घरच्यांना तेच हवं असतं.

भाड्याच्या घरामागे एकटं हॉथॉर्न आहे. तोडलं तर चालेल?

आधी घरमालकाला विचारा, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्यांना. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीमुळे कुंपणं आणि रानझुडपं तोडायला कायद्याने मनाई आहे. गढीचा बांध जवळ असेल तर तो संरक्षित स्मारक असू शकतो. मेमध्ये त्याला पांढरी फुलं येतील, ती घरात आणू नका. घरात आणली की कुणीतरी मरतं, असं शेजारी म्हणतील. त्या फुलांत कुजणाऱ्या मांसात असतं तेच एक रसायन असतं, आणि प्रेत घरात ठेवून रात्री जागवणाऱ्या लोकांना तो वास ओळखीचा होता.